पोवळ्याला घाई नाही!

इन्स्टावर रीफ टँकचा व्हिडीओ टाकला की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. निळा लाइट, त्याखाली हिरवं-जांभळं काहीतरी डुलतंय, मध्येच एक केशरी मासा येऊन कॅमेऱ्याकडे बघून जातोय. खाली कमेंट्सचा पाऊस. ‘भावा, हे कुठलं?’ ‘देवरूखचं.’ ‘काय सांगतोस!’

आश्चर्य वाटणारच. आमच्या देवरूखात समुद्र नाही. समुद्र बघायचा तर पन्नासेक किलोमीटर रत्नागिरीला जावं लागतं. आमच्याकडे आहे ती सप्तलिंगी नदी, पाठीशी सह्याद्री आणि जूनपासून धो धो पाऊस. अशा गावात माझ्या ओळखीच्या एका मुलाने पडवीलगतच्या खोलीत, तीन फुटी काचेच्या टाकीत समुद्र उभा केला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. त्याचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, सध्या इंटर्न. ‘देवरूखमधला समुद्र’ असं झकास फीचर डोक्यात तयार होतं. मुलगा हुशार, विषय वेगळा, फोटो भारी. अजून काय पाहिजे? जूनमध्ये मी त्याच्या घरी गेले, तर हा कपाळाला हात लावून बसलेला.

“ताई, सगळं दिलं गं त्याला. पण वाढतच नाही.”

‘त्याला’ म्हणजे अंगठ्याएवढ्या, फांद्या फुटलेल्या प्रवाळाच्या तुकड्याला. टाकीच्या काचेवर मार्करची एक रेघ होती, पाच महिन्यांपूर्वीची. तुकड्याचा शेंडा अजून त्या रेघेलाच टेकलेला. शेजारच्या फळीवर सात बाटल्या. कॅल्शियम, आयोडीन, अमिनो अ‍ॅसिड, कसलासा ‘ग्रोथ बूस्टर’. गणपतीत आणि दिवाळीत हातावर पडलेले पैसे, सुट्टीत दुकानात काम करून मिळवलेले पैसे, सगळे त्या बाटल्यांत गेलेले.

मला तेव्हा प्रवाळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानंतर मी वाचत गेले, विचारत गेले, आणि फीचर बाजूला ठेवून हा लेख लिहायला घेतला. माझं म्हणणं एवढंच आहे : प्रवाळ वाढत नाही म्हणून बाटली शोधायला धावू नका. आधी दोन प्रश्न विचारा. टाकीतलं पाणी रोज सारखं असतं का? आणि त्याच्याही आधी, हा तुकडा आला कुठून?

दगड नव्हे, गवंडी

पोवळं म्हटलं की आपल्याला कुणाच्या तरी आजोबांच्या अंगठीतला लाल खडा आठवतो. प्रवाळ म्हटलं की भूगोलाच्या पुस्तकातली बेटं. पण टाकीतलं प्रवाळ हा प्राणी आहे, जेलीफिशचा भाऊबंद. एकेक प्राणी इवलासा, त्याला पॉलिप म्हणतात. असे शेकडो-हजारो एकत्र राहतात ती वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं भाड्याने राहतात आणि भाडं साखरेत देतात. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूंकडून येऊ शकते. त्या ऊर्जेवर प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतं आणि चुनखडीचा सांगाडा बांधत राहतं.

गवंडीकामच म्हणा ना. विटा पाहिजेत, सिमेंट पाहिजे, मजुराच्या पोटात अन्न पाहिजे, आणि मुख्य म्हणजे रोज उठून साइट हलता कामा नये.

वेग किती? पोराइट्ससारखी गोलसर, धोंड्यासारखी वाढणारी प्रवाळं चांगल्या समुद्रातही वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांची अ‍ॅक्रोपोरा त्यांच्या मानाने धावतात, वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त. हा हिशोब मोकळ्या समुद्रातला. मोठ्या वसाहतीतून तोडलेला, पिशवीत प्रवास केलेला, नव्या टाकीत चिकटवलेला तुकडा आधी जखम भरतो, मग बुडाशी पातळ थर पसरवून पाय रोवतो आणि नंतर वर बघतो. यातच महिने जातात. आमच्या मित्राने रेघ मारली होती शेंड्याला. बुडाकडे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

आपलंही असंच असतं, नाही का? फर्स्ट इयरच्या दिवाळीत घरचे विचारतात, “मग, काय प्रगती?” अहो, अजून हॉस्टेलच्या मेसमध्ये कुठल्या वारी काय असतं तेच कळतंय!

बाटलीआधी वही

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० ते ४२० पीपीएम असतं, मॅग्नेशियम १३००च्या आसपास आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या जवळपास. अल्कलिनिटी हा शब्द अवघड वाटला तर एवढंच लक्षात ठेवा : सांगाड्यासाठी लागणारा कार्बोनेटचा साठा पाण्यात किती आहे, याचं ते माप.

गंमत आता बघा. प्रवाळ सांगाडा बांधताना अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम उतरतं फक्त सातेक पीपीएम. ४२०चं ४१३ झालं, तर घरगुती टेस्ट किटला ते कळतही नाही. पण अल्कलिनिटी ८ची ७ झाली तर लगेच दिसतं. म्हणून प्रवाळ खरंच काम करतंय का, हे विचारायचं असेल तर कॅल्शियमला विचारू नका, अल्कलिनिटीला विचारा. सलग तीन-चार दिवस, रोज एकाच वेळी मोजा आणि वहीत लिहा. रोज थोडी उतरत असेल तर बांधकाम चालू आहे. जेवढी उतरते तेवढीच भरून द्या. अजिबात उतरत नसेल तर साइटवर विटांचा ढीग पडलाय आणि मजूर आलेलाच नाही. तिथे आणखी विटा टाकून काय होणार?

आमच्या मित्राचं नेमकं हेच चाललं होतं. मोजायचं नाही, ओतायचं. मी म्हटलं म्हणून त्याने टेस्ट केली, तर अल्कलिनिटी ११. वर पाणी ‘काचेसारखं’ पाहिजे म्हणून फिल्टर एवढा जोरात चालवलेला की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य. म्हणजे विटा डोंगराएवढ्या आणि मजूर उपाशी. अशा पाण्यात फांद्यांचे शेंडे जळल्यासारखे पांढरे पडतात. त्याला वाटत होतं, पांढरा शेंडा म्हणजे नवी वाढ!

उलटंही वाईट. माशांना भरमसाट खाणं टाकलं, फॉस्फेट वाढलं, तर सांगाडा बांधायची क्रियाच मंदावते आणि काचेवर शेवाळ माजतं. थोडं नायट्रेट, अगदी किंचित फॉस्फेट, दोन्ही शून्याच्या वर पण आटोक्यात, हे बरं. मॅग्नेशियम फार उतरलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात टिकत नाहीत, त्यांचा साका होऊन पंपावर आणि हीटरवर बसतो. लाइट एकदम वाढवला तर आतले शैवाल-भाडेकरू घर सोडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. पाणी खेळतं नसेल तर प्रवाळाच्या अंगावरचा कचरा हलत नाही आणि नवं पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

यातली एकही गोष्ट ‘बूस्टर’ने सुटत नाही. वही, टेस्ट किट आणि हात आवरता येणं, याने सुटते. एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर दोन आठवडे गप्प बसणं. आपल्या पिढीला हे सर्वांत अवघड, मान्य आहे. मला तर भात शिजेपर्यंत तीन रील्स लागतात.

पाऊस टाकीत शिरतो

पुस्तकं आणि व्हिडीओ सांगत नाहीत, अशी एक गोष्ट देवरूखात कळते. कोकणातला पाऊस बंद टाकीतही शिरतो. कसा? खिडक्यांतून. म्हणजे बंद खिडक्यांतून!

जूनपासून आपण दारं-खिडक्या लावून घेतो. खोलीत माणसं, कधी गॅस, कधी देवाची समई. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो आणि पीएच उतरतो. पीएच उतरला की प्रवाळाला सांगाडा बांधायला जास्त कष्ट पडतात. रात्री तर आणखी, कारण अंधारात शैवालं कार्बन डायऑक्साइड वापरत नाहीत, उलट सगळेच तो सोडतात. यावरचा फुकटातला उपाय म्हणजे पाऊस थांबला की तासभर खिडकी उघडणं. त्याची बाटली मिळत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

दुसरा उपाय तुमच्या आजीला माहीत आहे : चुन्याची निवळी. रीफ टँकवाले तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. भारी वाटतं ना? जर्मन शब्द आहे, अर्थ ‘चुन्याचं पाणी’. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्यात ढवळायचं, तळाशी बसू द्यायचं आणि वरची निवळी रात्री थेंब थेंब टाकीत सोडायची. कॅल्शियमही मिळतं, अल्कलिनिटीही आणि पीएचलाही आधार. मात्र पानाचा चुना अजिबात नको, त्यात काय काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही. आणि एकदम ओतायची तर मुळीच नाही. निवळीचा पीएच १२च्या वर असतो, पेलाभर एका दमात गेली तर मासे-प्रवाळ सगळंच आटोपेल.

पण इथेही पाऊस आडवा येतोच. ही निवळी टाकीतून वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी घालायची असते. एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं, तेव्हा निवळी भरपूर जाते. जुलैमध्ये हवाच ओलीचिंब, पाणी उडतच नाही. मग निवळी घालणार कुठे? म्हणजे उन्हाळ्यात बसवलेलं गणित पावसाळ्यात चुकतं. वहीत महिन्यानुसार वेगळं पान लागतं, ते यासाठी.

आणि लाइट जाणं. त्यावर काय बोलायचं? जुलैतल्या एका रात्री आमच्याकडे लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पंप बंद, पाणी थांबलेलं, ऑक्सिजन कमी कमी होत गेलेला. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप काही फार महाग नसतो. त्या सात बाटल्यांतल्या एकीच्याही पैशात तो आला असता. तिसऱ्या दिवशी सकाळी मला फोटो आला. तुकडा पूर्ण पांढरा. खाली एकच ओळ : “गेलं ताई.”

पण आला कुठून?

मी सांत्वन करायला गेले आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो विचारला. “अरे, तू हा घेतला कुठून?”

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. पैसे ऑनलाइन. माल बसच्या पार्सलने, थर्मोकोलच्या खोक्यात, वर लिहिलेलं ‘शोभेचं साहित्य’. बिल नाही. जात माहीत नाही. समुद्रातून तोडलेला की कुणाच्या टाकीत वाढवलेला, माहीत नाही. त्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी पत्रकार व्हायला निघालेय, आणि सहा आठवडे मीही विचारलं नव्हतं.

आता कायदा ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. चुनखडीचा सांगाडा बांधून खडक उभारणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून या कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. ज्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच. अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. ‘आमचा माल इम्पोर्टेड आहे’ असं म्हणून विक्रेता सुटत नाही आणि आपणही नाही. कठीण प्रवाळं आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीतही आहेत, आणि त्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांसाठी याच दुरुस्तीने नोंदणीचा नियम आणला. कळलं ना, मी त्याचं नाव का लिहिलं नाही?

कायदा फार कडक वाटतोय? मग मुंबईचं उदाहरण बघा. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या छोट्या छोट्या वसाहती सापडल्या. २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या काढून कुलाब्याच्या नेव्हीनगरच्या बाजूला नेऊन बसवल्या. त्यासाठी महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या महापालिकेला काही छोट्या वसाहती हलवायला परवानगी लागते, आणि आपण थर्मोकोलच्या खोक्यात मागवतो!

आपलं प्रवाळ काही लक्षद्वीप-अंदमानातच नाही. ते इथे मालवणला आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती. १९८७ पासून तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य आहे. पोराइट्स, टर्बिनेरिया, फेवाइट्स अशी धिमी, चिवट प्रवाळं. पावसाळ्यात खाड्यांचं गढूळ, गोडं पाणी येतं, ऊन दिसत नाही, तरी तग धरून आहेत. त्यांचं विरंजन झाल्याचं, म्हणजे पाणी तापल्यावर आतलं शैवाल सोडून पांढरं पडल्याचं, संशोधकांनी नोंदवलंय. पर्यटकांच्या पाण्याखालच्या सफरींत प्रवाळाची मोडतोड होते, हेही नोंदवलंय. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणाऱ्या जिवावर सेल्फीसाठी एक पाय टेकला, तर किती वर्षं गेली? हिशोब तुम्हीच करा.

विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत, खोल समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक नावाचा बुडालेला पठारी भाग आहे. तिथेही प्रवाळ आहे. ते आपल्याला घरी आणता येत नाही, म्हणून त्याचं काही बिघडलेलं नाही!

दुसरी बाजू

टाकीवाल्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. ते म्हणतात, आम्ही प्रवाळ पाळतो म्हणून प्रवाळ समजतं. खोटं नाही ते. फ्लोरिडाच्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन या शास्त्रज्ञाच्या हातून टाकीतली एक वसाहत चुकून तुटली. तळाशी चिकटून राहिलेले थोडेसे पॉलिप मरतील असं त्यांना वाटलं, तर ते अपेक्षेपेक्षा कितीतरी वेगाने पसरले. त्यातून प्रवाळाचे नखाएवढे तुकडे करून, जवळजवळ लावून, त्यांना पुन्हा एकमेकांत मिसळू देण्याची पद्धत निघाली. आज खराब झालेल्या प्रवाळखडकांवर ती वापरतात. म्हणजे मंद प्रवाळाला वेग देता येतो. पण तो दिला कुणी? तुकडा कुठल्या वसाहतीचा आहे हे ज्याला माहीत होतं आणि जो वर्षानुवर्षं नोंदी ठेवत होता, त्याने. आपल्याकडे तुकड्यासोबत त्याची कुळकथा येत नाही, तोवर ‘आम्ही संवर्धन करतो’ असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कागदपत्रं नसतील तर कठीण प्रवाळ विकत घेऊ नका, कितीही रंगीत असो, कितीही स्वस्त असो. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचीच असेल तर कृत्रिम दगड ठेवा आणि बंदिस्त पाण्यात पैदास केलेले मासे घ्या. क्लाउनफिशची अशी पैदास आपल्या सीएमएफआरआयने केव्हाच करून दाखवलीय. पाण्याचं शास्त्र शिकायला तेवढं पुरतं. झाडगावचं मत्स्यालय आणि शिरगावचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीतच आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला विचारण्याआधी तिथे विचारा. मालवणला गेलात तर तरंगत बघा, पाय टेकू नका, हात लावू नका, आणि गाइडने लावला तर टोका. कॉलेजच्या ग्रुपमध्ये टोकणारा एक जरी असला तरी पुरतो.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या पडवीलगतच्या खोलीत गेले होते. सात बाटल्या गेल्या, फळीवर एक शंभरपानी वही आली. टाकीत दोन केशरी मासे आणि कृत्रिम दगड. काचेवरची मार्करची रेघ त्याने मुद्दाम पुसलेली नाही. त्याने मला वही दाखवली. रोज रात्री नऊची अल्कलिनिटी : ७.८, ७.७, ७.७, ७.६.

“उतरतेय,” मी म्हटलं. “पण प्रवाळ तर नाही आता. मग कोण वापरतंय?”

त्याने टॉर्च मारला. दगडाच्या मागच्या बाजूला, कुणाचं लक्ष नसताना, गुलाबी रंगाचा पातळ थर धरला होता. हेही चुन्यावरच वाढणारं शैवाल, आपसूक आलेलं. रुपयाच्या नाण्याएवढं.

“याला रेघ मारू?” मी विचारलं.

“नको ताई,” तो म्हणाला. “राहू दे. दिवाळीनंतर बघू.”